फ्लेमिंगोंना साक्षीला उभे करू नका

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र हमखास छापून येते. पुढे ओहोटीच्या चिखलात माना खाली घालून उभे असलेले हजारो गुलाबी पक्षी, मागे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि साठवणीच्या टाक्या. खाली ओळ असते : विकास आणि निसर्ग मुंबईत कसे गुण्यागोविंदाने नांदतात, पाहा! पक्षी खरे आहेत, चिमण्याही खऱ्या आहेत. ओळ तेवढी खरी नाही. पण ती आपल्याला इतकी आवडते, की चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे हे विचारायचे राहून जाते.

ही जागा म्हणजे मुंबईच्या पूर्व अंगाचा तुर्भ्याचा, म्हणजेच ट्रॉम्ब्याचा भूभाग. (नवी मुंबईतले तुर्भे वेगळे, ते खाडीपलीकडे.) एके काळी हे स्वतंत्र बेट होते. मधल्या खाजणात भराव पडत गेला आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. पश्चिमेला माहुलची खाडी आणि तिच्यापलीकडे शिवडीचा चिखल, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला मुंबई बंदराचे पाणी आणि मध्ये सुमारे तीनशे मीटर उंचीचा, झाडीने भरलेला डोंगर. माहुल, आंबापाडा, गव्हाणपाडा, ट्रॉम्बे कोळीवाडा ही इथली जुनी वस्ती. तिवरांच्या मुळांत चिंबोरी, चिखलात निवट्या, उथळ पाण्यात बोई आणि कोळंबी, भरतीबरोबर आत शिरणारा जिताडा. खोल समुद्रात न जाता, पाग टाकून आणि डोल लावून खाडीवरच पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले. त्या काळात या किनाऱ्याला कुणी 'जैवविविधतेचे आगर' म्हणत नव्हते. तो लोकांचा स्वयंपाकघराला लागून असलेला परसू होता.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा-बारा वर्षांत हे सगळे बदलले. १९५४ साली स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना माहुलला सुरू झाला, पुढच्याच वर्षी बर्मा-शेलचा. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला अणुऊर्जा आस्थापनेत 'अप्सरा' ही आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी चालू झाली. १९६५ मध्ये खत कारखाना आला. पुढे तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन फाटकांवरच्या पाट्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम अशा झाल्या, खत कारखाना १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे गेला. कच्चे तेल उतरवायला बंदरातले जवाहर द्वीप आणि पीर पावची जेट्टी, तिथून पाण्याखालून येणाऱ्या वाहिन्या, मग टाक्या, मग खासगी रसायनांच्या टाक्या. इतक्या थोड्या जागेत इतके ज्वालाग्राही सामान भारतात फार ठिकाणी सापडणार नाही.

या कारखान्यांचे देणे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात पडणारा 'सुफला' इथला. देशातल्या रुग्णालयांत कर्करोगावरच्या उपचारांसाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांनी पुरवली. मुंबईची वीज कित्येक वर्षे इतर शहरांना हेवा वाटावा अशी अखंड राहिली, त्यात इथल्या केंद्राचा मोठा वाटा आहे. गिरण्यांनी जशी एक कामगार पिढी घडवली, तशीच चेंबूरच्या या कारखान्यांनी पक्क्या नोकरीची, वसाहतीतल्या शाळेची, मुलाला अभियंता करणारी दुसरी पिढी घडवली. तेव्हा कारखाने बंद करा आणि सगळे पुन्हा तिवरांच्या ताब्यात द्या, असली बाळबोध मागणी इथे नाही. माझा आक्षेप हिशेबाला आहे. या सहवासाचा नफा सगळ्या शहराने, किंबहुना सगळ्या देशाने वाटून घेतला. तोटा मात्र वाटला गेला नाही, तो एका टोकाला नेऊन ओतला.

ओतण्याची सवय जुनी आहे. शहराचा कचरा टाकण्यासाठी देवनारची जागा १९२७ पासून वापरात आहे. खाटीकखानाही तिथेच. गावठाणात नको असलेल्या माणसांचेही तेच. मुंबईच्या वेगवेगळ्या भागांतून हटवलेल्या गरिबांना आणून वसवलेली जनता कॉलनी अणुऊर्जेच्या कर्मचारी वसाहतीशेजारी होती. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, पोलीस बंदोबस्तात ती जमीनदोस्त झाली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना खाडीकाठच्या दलदलीत, आजच्या चीता कॅम्पात हलवण्यात आले. ज्याला एकदा हलवले, त्यालाच पुन्हा हलवणे सोपे असते, कारण त्याच्या कागदांवर कुणाचा भरवसा नसतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या प्रभागांत तळाला कोण, तर एम पूर्व, म्हणजे हाच परिसर. यात योगायोग शोधणाऱ्यांचे मला कौतुक वाटते.

'शहरापासून लांब' म्हणून ही जागा निवडली, असे पन्नाशीच्या दशकातल्या नियोजनाचे समर्थन करतात. लांब कुणापासून? मलबार हिलपासून लांब, फोर्टपासून लांब, हे कबूल. माहुल गावापासून मात्र ती शून्य अंतरावर होती. नकाशावर रिकामी दिसणारी जागा रिकामी ठरवण्याचा अधिकार नकाशा काढणाऱ्याकडे असतो. शिवाय वारा नियोजनकारांचे ऐकत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा धूर खाडीपार नेतो, पण हिवाळ्यात हवा साकळते, वारा मंदावतो, आणि ओकलेले सगळे इथेच घुटमळते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही देशातल्या गंभीर प्रदूषित पट्ट्यांत चेंबूरची गणना केली होती.

आता पक्ष्यांकडे वळू, कारण त्यांच्या नावावर फार मोठी उधारी चालली आहे.

शिवडी-माहुलच्या चिखलावर फ्लेमिंगो, ज्यांना आपण रोहित किंवा अग्निपंखही म्हणतो, मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. म्हणजे कारखाने आधी आले, हे थवे नंतर. यावरून कुणी असा निष्कर्ष काढतो, की कारखान्यांमुळे काही बिघडले असते तर पक्षी आले असते का? प्रश्न बिनतोड वाटतो. पण धाकटा फ्लेमिंगो खातो काय, हे कळले की त्यातली हवा जाते. त्याची चोच म्हणजे बारीक गाळणी. तिच्यातून तो मुख्यतः पाण्यातले नीलहरित शैवाल गाळून खातो आणि त्या अन्नातल्या रंगद्रव्यानेच तो गुलाबी होतो. शैवाल माजायला नत्र आणि स्फुरद लागते. ठाण्याच्या खाडीत ते कुठून येते? महानगराचे अर्धेमुर्धे प्रक्रिया केलेले आणि न केलेले सांडपाणी या खाडीत उतरते, त्यात कारखान्यांचे पाणी मिसळते, खाडीचे तोंड भरावांनी आणि गाळाने आखडत गेल्याने पाण्याची ये-जा मंदावते. पक्षी इथे का आले याचे अभ्यासकांनी दिलेले एक प्रमुख स्पष्टीकरण हेच आहे. म्हणजे ज्या पक्ष्याला आपण स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र समजतो, तो बहुधा आपल्या घाणीवर पोसलेल्या शैवालाच्या पंगतीला आला आहे. पंगत संपली, की उठून जाईल. त्याला कच्छ आहे, गुजरातचे इतर किनारे आहेत. कोळणीला कच्छ नाही.

जिताड्याला तर शैवालाची मेजवानी कामाची नाही. त्याला वाहते पाणी, विरघळलेला प्राणवायू आणि अंडी-पिल्लांना आसरा देणारी तिवरे लागतात. खाडीतल्या मासळीचे प्रकार आणि प्रमाण घटत गेल्याचे अभ्यास आहेत, गाळात जड धातू साचल्याचेही आहेत. आणि कोळीवाड्यात जाऊन विचारले तर अभ्यास न वाचताही तेच ऐकू येते. एकाच पाण्यात एक जीव लाखाने वाढतो आणि दुसरा नाहीसा होतो. वाढलेल्याचे छायाचित्र निघते. नाहीशा झालेल्याचे कसे काढणार?

यात पक्ष्यांवर राग नाही. उलट, त्यांचे संरक्षण करण्याच्या बाबतीतही आपला दुटप्पीपणा पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, सुमारे १६९० हेक्टरचे. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. चांगलेच झाले. पण हे अभयारण्य वाशी ते ऐरोली या वरच्या पट्ट्यात आहे. ज्या शिवडी-माहुलच्या चिखलामुळे मुंबईला फ्लेमिंगो कळले, तो चिखल त्याच्या बाहेर राहिला. बंदर, टाक्या, जेट्ट्या आणि पुढे अटल सेतूचे खांब जिथे पडायचे होते तिथे अभयारण्याची रेघ पोहोचली नाही. पाहुण्यांना आपण ओसरीवर पाट मांडला, पण जिथे ते नेहमी बसत तिथे मात्र आपले सामान ठेवले.

तुर्भ्याच्या डोंगराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि प्रामाणिकपणे पाहायची तर ती माझ्या युक्तिवादाला थोडी आडवीच जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणाआडचा डोंगर हिरवागार राहिला, किनाऱ्याची तिवरेही टिकली. होमी भाभांना झाडांचे वेड होते, हे सर्वश्रुत आहे. शेजारी मानखुर्द-गोवंडीत इंच इंच जमीन भरावाखाली जात असताना इथे एक जंगल शाबूत आहे, त्याला बंदूकधारी पहारा कारण आहे. तेव्हा अवजड उद्योग आणि निसर्ग एकत्र राहू शकतात, याचा हा पुरावा नाही का? आहे. फक्त कशाच्या बदल्यात, हेही लिहून ठेवावे. त्या जागेवरची गावे उठली. त्या किनाऱ्याच्या जवळ होडी नेता येत नाही. निसर्ग वाचला तो माणसांना वजा करून, आणि वजा कोण झाले हे पुन्हा तेच.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर ओढलेले ताशेरे इथे आठवतात. झाडे राखायला त्यांचा विरोध नव्हता. गावकऱ्याची गुरे, त्याचे सरपण, त्याची रानातली दोन घटका सावली काढून घेऊन जे राखले जाते त्याचा मालक कोण, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे पर्यावरणाची चळवळ पुष्कळदा हा प्रश्न गाळून पुढे जाते, आणि मग गरिबांना ती श्रीमंतांची करमणूक वाटली तर त्यांना दोष देता येत नाही.

याचे सर्वांत उघडे उदाहरण माहुलचे पुनर्वसन. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना झोपड्या होत्या. वाहिनीच्या सुरक्षिततेसाठी त्या हटवायच्या ठरल्या. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात महापालिकेने ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची योजना आखली, झाडांसकट. पाणी सुरक्षित, हवा स्वच्छ, नागरिक निरोगी. आणि तिथून उठवलेल्या माणसांची रवानगी कुठे? माहुलला, शुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत उभारलेल्या इमारतींत. एका वस्तीला सायकल चालवायला शुद्ध हवा मिळावी म्हणून दुसऱ्या वस्तीला बेंझीनच्या वासात पाठवायचे, याला हरित नियोजन म्हणतात.

कुणी म्हणेल, तेव्हा माहीत नव्हते. माहीत होते. डिसेंबर २०१५ मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने निकाल दिला होता, की इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. दाद मागणारे माहुलचेच गावकरी होते. न्यायाधिकरणापुढे के. ई. एम. रुग्णालयाची पाहणी होती : सुमारे ६७ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते, ८४ टक्क्यांहून अधिकांना छातीत कोंडल्यासारखे होते, ८६ टक्क्यांहून अधिकांचे डोळे चुरचुरतात. हा निकाल फायलीत असताना, २०१७ पासून पाच हजारांच्या आसपास कुटुंबे तिथे पोहोचवली गेली. खोकला, त्वचेचे विकार, दमा, क्षय. आजारांच्या आणि मृत्यूंच्या याद्या रहिवाशांनी स्वतः करायला घेतल्या, कारण दुसरे कुणी करत नव्हते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. ज्यांना आठवत होते त्यांना नोव्हेंबर १९८८ ची आग आठवली, तिच्यात तीसहून अधिक माणसे गेली होती. २०१८ च्याच हिवाळ्यात बायका-मुलांसह लोक विद्याविहारला जलवाहिनीपाशी, जिथून त्यांना उठवले होते तिथेच, फुटपाथवर येऊन बसले. फुटपाथ बरा, पण ती खोली नको, असे पक्क्या घराच्या मालकाने म्हणावे! शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले, की कुणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत द्या.

त्या रिकाम्या सदनिकांचे पुढे काय झाले, हे ऐकण्यासारखे आहे. २०२५ मध्ये महापालिकेने तिथल्या नऊ हजारांहून अधिक सदनिका आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या घरात विकायला काढल्या. ज्या शहरात खोलीसाठी माणूस आयुष्य गहाण टाकतो, तिथे अर्ज आले अगदी तुरळक. मुदत वाढवावी लागली. सफाई कामगाराला, शिपायाला, कारकुनाला माहुलची हवा कळते. ती विक्रीला काढणाऱ्यांना कळत नाही, असेही नाही. प्रथम आणि द्वितीय श्रेणीसाठी ती काढली नाही, यावरून ते कळतेच.

मोठ्या उद्योगांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक कंपनी सांगते, आमची चिमणी ठरलेल्या मर्यादेत आहे, ही पाहा मोजणी. बहुतेक वेळा ती मोजणी खरीही असते. पण घातक बाष्पे केवळ चिमणीतून निघत नाहीत. टाकी भरताना, टँकर लावताना, जहाज रिकामे होताना, झडपेच्या फटीतून ती सुटतात, आणि सुटलेल्या बेंझीनवर कुणाचा शिक्का नसतो. मग शुद्धीकरण कारखाना साठवण कंपनीकडे बोट दाखवतो, साठवण कंपनी कारखान्याकडे, दोघे मिळून रस्त्यावरच्या टँकरकडे. पण माहुलची बाई श्वास घेताना कंपनीवार घेत नाही. चार जण प्रत्येकी मर्यादेत राहून तिच्या छातीत मर्यादेबाहेरचे भरू शकतात. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने दोन तेल कंपन्या आणि दोन साठवण कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली, ती इथली हवा सुधारण्यासाठी. त्या आकड्यापेक्षा मला त्यातले तत्त्व मोलाचे वाटते : शेजारी मिळून बिघडवत असतील, तर जबाबदारीही मिळून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८७ च्या आसपासच ठरवून दिले आहे, की धोकादायक धंदा करणाऱ्याला 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. हे तत्त्व अपघाताला लावतो, तसे ते रोजच्या, संथ, वास येणाऱ्या आणि बातमी न होणाऱ्या अपघातालाही लावले पाहिजे.

खाडीवरच्या अपघातांची भरपाई हाही असाच विषय. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे आदळली, शेकडो टन तेल सांडले, कीटकनाशकांची पिंपे असलेले कंटेनर पाण्यात पडले. घारापुरीपासून वाशीपर्यंत तिवरांना काळा लेप बसला. मुंबईकरांनी काही दिवस मासे खाणे सोडले, म्हणजे शहराचे नुकसान एका आठवड्याच्या पापलेटाइतके. कोळणीचा पाटा मात्र ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर ओस पडला. तिच्याकडे मासळी विकल्याची पावती नसते, त्यामुळे नुकसानीचा पुरावाही नसतो. समुद्राच्या कायद्यात जहाजाचा विमा असतो, मालाचा असतो. डोल लावणाऱ्याच्या गेलेल्या दिवसाचा नसतो.

दुसरा आक्षेप असा, की कारखाने आधी होते, माणसे नंतर येऊन राहिली, मग तक्रार कसली? कोळीवाड्याच्या बाबतीत हे सरळ खोटे आहे. पुनर्वसितांच्या बाबतीत अर्धसत्य, कारण ते आले नाहीत, आणले गेले. उरले ते पोटासाठी आपणहून आलेले. त्यांना परत जा म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरची धुणीभांडी, आपल्या सोसायटीचा पहारेकरी आणि आपल्या गाडीचा चालक कुठे राहतो, ते विचारावे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट पैशाचीही नाही. कारखान्यांच्या आणि टाक्यांच्या भोवती नवी वस्ती करायची नाही, सरकारी तर नाहीच नाही. ज्यांना निघायचे आहे त्यांना निघू द्यायचे आणि रिकाम्या इमारती नव्या गरजूच्या गळ्यात मारायच्या नाहीत. विकायच्याच असतील, तर २०१५ चा निकाल मराठीत छापून जाहिरातीसोबत द्यावा, म्हणजे घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. हवेची मोजणी मंडळाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत असून भागत नाही. बेंझीन आज किती, हे माहुल नाक्यावर आणि आंबापाड्याच्या शाळेसमोर मराठीत आणि हिंदीत फळ्यावर दिसले पाहिजे, आणि ठरावीक आकड्यापुढे गेले की कुणाला फोन करायचा, तो क्रमांकही. शिवडी-माहुलच्या चिखलाला कायद्याचे संरक्षण द्यावे, पण ते देताना कोळ्यांच्या पागाला आणि होडीला वाट ठेवून द्यावे. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१२ पासून बरेच काम केले आहे. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरे तोडणे हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे म्हटले आहे. त्या हक्कात तिवरांशेजारी जगणारा माणूस धरायचा की नाही, एवढेच आता ठरवायचे आहे.

उद्योगांना हे झेपणार नाही, असे कुणी म्हणू नये. चिमणीतल्या धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा देशात पहिल्यांदा बसली ती याच तुर्भ्याच्या वीज केंद्रात, ऐंशीच्या दशकात. शहरातून आवाज उठला, सरकारने अटी घातल्या आणि यंत्रणा बसली. आवाज त्या वेळी शिकलेल्या, ओळखीपाळखी असलेल्या मुंबईकरांचाही होता, हे विसरून चालणार नाही. माहुलच्या वेळी हा वर्ग कुठे होता, हे मी त्यालाच विचारतो आहे, आणि त्यात मीही येतो. मुळशीच्या मावळ्यांची जमीन मुंबईच्या विजेसाठी पाण्याखाली जात होती, तेव्हा १९२१ मध्ये निदान सेनापती बापट आणि पुण्याची मंडळी त्यांच्याबरोबर तुरुंगात गेली. आपण सायकल मार्गाच्या आराखड्याला टाळ्या वाजवल्या.

हा सगळा हिशेब आज मांडण्याचे आणखी एक कारण आहे. नाणार आणि मग बारसू इथल्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने कोकणाला गेली कित्येक वर्षे तेच सांगितले जात आहे, की प्रकल्प हरित असेल, आंबा आणि मासळीला धक्का लागणार नाही, निसर्ग आणि उद्योग हातात हात घालून चालतील. नाणारला ठरलेली क्षमता वर्षाला सहा कोटी टनांची होती. माहुलचे दोन्ही शुद्धीकरण कारखाने मिळून सुमारे सव्वादोन कोटींच्या आतबाहेर आहेत. बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पे आहेत. कोकणाने नाही म्हणावे की हो म्हणावे, ते तिथले लोक ठरवतील. रोजगाराची गरज असलेल्या तरुणाला मुंबईत बसून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण पुढच्या जनसुनावणीची सूचना निघेल तेव्हा तिला माहुलचा निकाल आणि के. ई. एम.ची पाहणी मराठीत जोडलेली असावी, माहुल-आंबापाड्याच्या चार-दोन माणसांना सरकारी खर्चाने तिथे बोलवावे, आणि कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यांच्या देखत सहीनिशी लिहून द्यावे, की साठ-सत्तर वर्षांत तिथे जे जमले नाही ते इथे कसे जमवणार, आणि नाही जमले तर भरणार कोण.